आमेन म्हणेपर्यंत

पाळकाच्या घरात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक लोकांचे डबे आणि दुसरे किस्से. कुणी खीर आणतं, कुणी कालवण आणतं, डबा ठेवून जातं आणि विसरतं. डबे मी घासूनपुसून ज्याचे त्याला पोचवत राहिले. किस्से न्यायला मात्र कुणी आलं नाही, ते माझ्याकडेच राहिले.

सत्तर सालानंतरची बरीचशी वर्षं आम्ही साताऱ्यात काढली. आमचे हे तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे दर रविवारी देवळात जमणारी पाचपंचवीस घरं. चर्चला आम्ही तेव्हा देऊळच म्हणायचो. शिवाय वडूजला चार घरांची एक शाखा होती, तिथे महिन्यातून एकदा यांनी जाऊन उपासना घ्यायची.

आता पुढचं ऐकण्याआधी एक रीत सांगून ठेवते. आमच्यात छापील प्रार्थनेचं प्रस्थ नव्हतं. ज्याला जे सुचेल ते त्यानं आपल्या शब्दांत देवाला सांगायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि तो आमेन म्हणेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. खोकला आला तरी गिळायचा. विचार करा, जिथे दोन माणसं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, तिथे हा केवढा मोठा अधिकार! लोक तो पुरेपूर वापरायचे.

* * *

यांचा देवावर भरवसा एवढा दांडगा, की एसटीच्या वेळापत्रकासाठी तो कधी उरलाच नाही. मी म्हणायची, स्टँडवर फळा असतो, वाचत जा. हे म्हणायचे, ज्यानं बोलावलंय तोच पोचवेल.

एका रविवारी वडूजला जायला हे स्टँडवर गेले. समोर गाडी उभी, दार उघडं, खिडकीजवळची जागा रिकामी. या तिन्ही गोष्टींत यांना देवाचा हात दिसला. पाटी तेवढी बघायची राहिली. बसल्याबरोबर डोळे मिटून यांनी प्रवासाची प्रार्थना सुरू केली. ती ड्रायव्हरपासून सुरू व्हायची आणि वाटेवरच्या प्रत्येक गावातल्या आजाऱ्याला भेटून पुढे जायची.

कंडक्टर तिकिटाला आला तर शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला हातानं थोपवलं. "त्येंची पूजा चालल्या, मागनं या." कंडक्टर भला माणूस, मागे गेला. तो परत आला तोवर यांची प्रार्थना वडूजच्या मंडळीपर्यंत पोचली होती आणि गाडी वाईचा फाटा मागे टाकून खंडाळ्याच्या वाटेला लागली होती.

संध्याकाळी हे घरी आले. मी विचारलं, उपासना कशी झाली? तर म्हणाले, खंडाळ्याला होतो. मग स्वतःच समजूत घातली, की खंडाळ्यात काहीतरी काम असणार, त्याशिवाय प्रभू तिकडे कशाला नेईल. कुठलं काम, असं मी विचारल्यावर हे सदरा खुंटीला अडकवायला लागले.

शेवटी म्हणाले, "भजी चांगली मिळाली."

* * *

इकडे वडूजला नेमका त्याच दिवशी हंगामाचा सण होता. त्या दिवशी लोक शेतात आलेलं पहिलंवहिलं आणून देवापुढे ठेवतात. त्या कोरड्या मुलखात पीक ते काय येणार! पण कुणी बाजरी आणली होती, कुणी शेंगा, कुणी मक्याची चार कणसं. पाळकाचा पत्ता नाही म्हटल्यावर तानूबाई उभी राहिली. ही शेरडं राखून म्हातारी झालेली बाई. देवाशी बोलायची ती बांधापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तशी.

सगळ्यांनी डोळे मिटले. तानूबाईची प्रार्थना रंगात आली आणि उघड्या दारातून एक शेळी आत शिरली. ती सरळ पुढे जाऊन देवापुढच्या कणसांना लागली. कुरुमकुरुम आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, पण प्रार्थना चालू असताना उठायचं कसं?

तानूबाईनं एक डोळा किलकिला करून पाहिलं. प्रार्थना तिनंही तोडली नाही. "देवा, तुज्याफुडं ठेवल्याली कणसं शेरडी खाती हाय," ती म्हणाली. "मी तर डोळं मिटल्यात. तुजं तू बघ."

एवढं सांगून ती पावसाकडे वळली, मग लेकीच्या संसाराकडे, मग गावच्या विहिरीकडे. आमेन झालं तेव्हा कणसं संपून शेळी शेंगांवर आली होती.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं वडूजला गेलो तेव्हा यांना हे कळलं आणि हे तिच्यावर चिडले. तिनं शांतपणे सांगितलं, "म्या त्येच्या कानावर घातलं व्हतं. त्यानं हाकलली न्हाई. म्हंजी त्येची ना नसंल."

शेळी तिचीच होती, हे आम्हाला परतीच्या गाडीत बसल्यावर कळलं.

* * *

साताऱ्याच्या मंडळीत वजन होतं ते सुभेदार गायकवाडांचं. पलटणीतून पेन्शनीत आलेले, मिशा ताठ, पाठ त्याहून ताठ. रविवारी ते प्रार्थनेला उभे राहिले की देवाला रिपोर्ट द्यायचे.

"प्रभू, सातारा मंडळी. हजर बहुतेक. आजारी शिंदेबाई, कारण ताप. गैरहजर पेटीवाले दिनकरराव, कारण सिनेमा. बाकी सब ठीक. आमेन."

ह्या रिपोर्टच्या धाकानं देऊळ भरायचं. यांच्या प्रवचनानं ते कधी भरलं नव्हतं, हे मी यांना सांगितलं नाही.

दिनकररावांना सिनेमाची गोष्ट फार लागली. पुढच्या रविवारी ते पेटीवरून उठले, डोळे मिटले आणि नम्रपणे म्हणाले, "हे सर्वसाक्षी प्रभू, मी चुकलो. आणि तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे कोण उभं होतं, तेही तुला ठाऊक आहे. आमेन."

सुभेदारांनी त्यानंतर सिनेमा हे कारण रिपोर्टमधून काढून टाकलं.

पण ह्या माणसाची एक गोष्ट विलक्षण होती. ते देवाजवळ कधी काही मागत नसत. स्वतःसाठी नाही आणि घरच्यांसाठीही नाही. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "बाई, पल्टनीत आमी कदी रेशन मागितलं न्हाई. वरच्याला आपली पोस्ट ठावं हाय. जे लागंल ते यील." यांना हे इतकं पटलं, की त्यावर एक अख्खं प्रवचन झालं. मला काही पटलं नाही. न मागण्यातसुद्धा एक ऐट असते असं मला वाटायचं, आणि ती सुभेदारांच्या मिशीत मला स्पष्ट दिसायची.

* * *

आमच्या घरात मात्र मागण्याला तोटा नव्हता. रस्त्यात भेटेल त्याला हे "जेवूनच जा" म्हणायचे. मी डोळे वटारले की हे म्हणायचे, प्रभू पुरवील. प्रभू पुरवायचा, नाही असं नाही, पण पीठ मळायला तो खाली येत नसे.

एकदा भर दुपारी हे सांगलीच्या एका वृद्ध उपदेशकांना घेऊन आले. बरोबर त्यांचे दोन सोबती. टोपलीत भाकरी होत्या दोन. पाहुण्यांनी पाटावर बसताना टोपलीत डोकावून पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली. यांनी मला सांगितलं, "जेवणाची प्रार्थना तू कर."

आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार शेजारच्या रखमाकाकूंच्या परड्यात उघडायचं. त्या उसाच्या मळ्याच्या मालकीणबाई, दोन लेक फौजेत. त्या हिंदू, पण आमच्या घरातल्या प्रार्थनांची जाण त्यांना आमच्या मंडळीतल्या काहींपेक्षा बरी होती. भरदुपारी माझा आवाज चढला की पाहुणे आलेत आणि भाकरी कमी आहेत, हे त्या न सांगता ओळखायच्या.

मी आवाज चढवला. जिल्ह्यातले आजारी घेतले, प्रवासी घेतले, सीमेवरचे जवान घेतले, विधवा आणि अनाथ घेतले. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला तसा मला हुरूप आला. शेवटी, ज्यांच्या चुली या घटकेला पेटलेल्या आहेत त्यांच्या हाताला गती दे, असं म्हणून मी थोडी थांबले. मागचं दार हलकेच वाजलं. मी आमेन म्हटलं.

पाहुण्यांनी डोळे उघडले. टोपली भाकरींनी भरलेली होती, वर मिरचीचा ठेचा. भाकरींतून वाफ येत होती. म्हाताऱ्या उपदेशकांनी टोपलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं तर यांनी उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं.

पुढे सांगलीच्या सभेत उपदेशकांनी देवाचा चमत्कार म्हणून ही साक्ष दिली. ती फिरत फिरत साताऱ्याला परत आली तेव्हा ठेच्याबरोबर लोणीही आलं होतं. मला आधी हसू आलं. पण खरं सांगू, आज मलाही तो चमत्कारच वाटतो. शेजारीण अशी मिळते कुठे?

मी रखमाकाकूंना सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"नाव तुमच्या देवाचं झालं, त्येला माजी हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "पर फुडल्या येळंला प्रार्थना जरा लांबवा. शेवटची भाकरी कच्ची ऱ्हायली व्हती."

* * *

सुभेदारांच्या घरी पावसाळ्यात एकदा गुरुवारची प्रार्थना होती. आम्ही सगळे जमिनीवर गुडघे टेकून बसलो होतो आणि आमच्या मधोमध एका पातेल्यात छतातून पाणी ठिबकत होतं. सुभेदारांच्या बायकोचं नाव सगुणाबाई. बुटक्या, हसऱ्या आणि जिभेच्या तयार. चहाचं आधण ठेवून त्या येऊन बसल्या आणि प्रार्थनेला सुरुवात त्यांनीच केली.

"देवा बापा, तुज्या घराला छप्पर लागत न्हाई, तुला गळतीचं दुक्क काय कळायचं? हितं चुलीपतूर पानी आलंया. घरात येक धडधाकट मानूस हाय, त्येला शिडीवर चडायची बुद्धी दे. आमेन."

कुणी डोळे उघडायच्या आत सुभेदारांनी सुरुवात केली. कौलं आणायला सांगितलेली आहेत, हे त्यांनी देवाच्या नजरेस आणलं. ही बातमी घरातल्या माणसांना वेळेवर दिली होती, घरातल्या माणसांनी ती ऐकली नाही, बाकी सब ठीक, आमेन.

लगेच सगुणाबाईंचा आवाज. कौलं सांगितली ती कोणत्या पावसाळ्यात सांगितली, तेवढं देवानंच विचारून घ्यावं, अशी त्यांची विनंती होती. सुभेदारांना त्यावर खुलासा करायचा होता. त्या खुलाशावर सगुणाबाईंना आणखी एक विनंती सुचली. आमचे गुडघे भरून आले, आत चहा उतू गेल्याचा वास आला, पण ज्याचं आमेन होईल त्याच्या समोरचा तयारच!

शेवटी यांनी एका आमेनच्या फटीत घुसून घाईघाईनं आशीर्वाद देऊन टाकला. आशीर्वाद झाला की प्रार्थना संपली, मग कुणालाही बोलता येत नाही. भांडण सोडवायला आशीर्वाद वापरलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सुभेदार छपरावर होते. खालून सगुणाबाई कौलं वर देत होत्या आणि दोघंही पावसाला शिव्या देत होते.

* * *

त्यानंतर दोनेक वर्षांनी सगुणाबाईंच्या पोटात गाठ निघाली. बाईंनी कित्येक महिने दुखणं अंगावर काढलं, कुणाला कळू दिलं नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगलीला न्यायला सांगितलं. सांगलीचे सर्जन म्हणाले, ऑपरेशन ताबडतोब करायला हवं, आणि झाल्यावर काय होईल हे आत्ता सांगता येणार नाही.

त्या रविवारी सुभेदार नेहमीसारखे उभे राहिले. "आजारी सगुणाबाई गायकवाड. पोस्टिंग सांगली. बाकी सब ठीक. आमेन." बायकांनी मिटल्या डोळ्यांनीच पदर तोंडाला लावले. मला तर त्या माणसाचा रागच आला.

देवळाबाहेर मी त्यांना गाठलं. म्हटलं, सुभेदार, या वेळेला तरी मागा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाई, जल्मात कदी मागितलं न्हाई," ते म्हणाले. "आता निस्तं कामापुरतं कुठल्या तोंडानं मागू?"

माझा राग तिथल्या तिथे उतरला.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याबरोबर सांगलीला गेलो. रक्त लागणार होतं, यांचं जुळलं, म्हणून यांना एका खोलीत झोपवून बाटली लावलेली. इकडे सगुणाबाईंना ट्रॉलीवर घालून थिएटरच्या दाराशी आणलं. आत जाण्याआधी प्रार्थना करायची आमची रीत, आणि पाळक तर आत आडवे. सर्जन आमच्या धर्माचे नव्हते, पण त्यांनी हात जोडले. "करा प्रार्थना," ते म्हणाले, "फक्त थोडक्यात करा."

सगळे सुभेदारांकडे बघायला लागले. ट्रॉलीवरून सगुणाबाईही बघत होत्या.

सुभेदारांनी टाचा जुळवल्या, डोळे मिटले. "प्रभू. सांगली. हॉस्पिटल. हजर..." आणि ते अडले. मिशी थरथरायला लागली. मग एकदम म्हणाले, "मागतो. हिला जगीव."

मला वाटलं, आता आमेन म्हणतील. म्हणाले नाहीत. त्यांनी डॉक्टरांचा हात स्थिर राहू दे म्हणून मागितलं. डॉक्टरांना रात्री नीट झोप लागलेली असू दे म्हणून मागितलं. भुलीच्या डॉक्टरांसाठी मागितलं, नर्सबाईंसाठी मागितलं. वीज जाऊ नये म्हणून मागितलं, मग त्या विजेवर देखरेख करणाऱ्या वायरमनसाठी मागितलं, मग त्या वायरमनच्या घरी आज सगळं सुखरूप असावं, म्हणजे त्याचं कामात लक्ष राहील, म्हणून मागितलं. जन्मभर काही न मागणारा माणूस मागत सुटला होता. वॉर्डबॉयनं ट्रॉलीचा दांडा धरला होता, तो सोडला. सर्जननं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सुभेदारांना आमेन म्हणायचंच नव्हतं. आमेन म्हटलं की ट्रॉली आत जाणार होती. त्यांना कुणीतरी थांबवायला हवं होतं, पण मला ते होईना. दुसऱ्याची प्रार्थना मी कधी तोडली नव्हती, आणि ही तर मुळीच तोडवेना.

प्रार्थना सांगलीच्या पुलापर्यंत पोचली होती. कृष्णेला पाणी जास्त चढू नये, असं काहीतरी चाललं होतं.

"आमेन," ट्रॉलीवरून खणखणीत आवाज आला. सगुणाबाई मान वर करून सर्जनना म्हणाल्या, "चला डॉक्टर. ह्यांचं आज सरायचं न्हाई."

ट्रॉली आत गेली. दार लागलं. सुभेदारांनी डोळे उघडले आणि ते बाकावर बसले. थोड्या वेळानं हे रक्त देऊन आले, चेहरा पांढरा, हात कोपरात दुमडलेला. तेही त्यांच्या शेजारी बसले. दोघांनी एका कपातला चहा अर्धा अर्धा घेतला. प्रार्थना करू या असं कुणीच म्हणालं नाही.

दुपार उलटल्यावर सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती, बाई अजून शुद्धीवर यायच्या होत्या. दिवे लागायच्या सुमारास त्यांनी डोळे उघडले. सुभेदार खाटेजवळ उभे होते, टोपी हातात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. सगुणाबाईंनी त्यांच्याकडे मान वळवली.

"आवं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ऱ्हायलेली प्रार्थना करा आता सावकाश. मला कुटं जायाचं न्हाई."